शेततळ्यातलं हिरवं पाणी आणि पहाटे मरणारे मासे

शेततळ्यात सकाळी मासे पालथे तरंगताना दिसले की पहिला संशय येतो तो कुणीतरी काहीतरी टाकल्याचा. कधी तो खराही निघतो. पण सांगोला, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यातल्या प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांत मासे मरतात ते बहुतेक वेळा गुदमरून, आणि तेही रात्रीच्या शेवटच्या प्रहरी. आदल्या संध्याकाळी खाद्यावर तुटून पडलेला पाऊण-एक किलोचा कटला पहाटे पाचला संपलेला असतो. हे का होतं ते समजून घेतलं तर आदल्या संध्याकाळीच धोका ओळखता येतो, आणि मासे वाचतात.

मुळाशी आहे ते पाण्याचं हिरवेपण. कागदाला चिकटून लोंबणारं लांब, दोऱ्यासारखं शेवाळ वेगळं. आपण बोलतोय ते सूक्ष्म शेवाळाबद्दल. त्याची एकेक पेशी केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. पेशी दिसत नाही, फक्त पाण्याला चढलेला रंग दिसतो. याच शेवाळावर पाण्यातले बारीक किडे वाढतात, ते कटला खातो. रोहू थेट शेवाळ आणि कुजकं पालापाचोळ्याचं खाद्य घेतो. चंदेरा (सिल्व्हर कार्प) तर शेवाळ गाळूनच पोट भरतो. म्हणजे मासे पाळायचे तर आधी पाण्यात हे पीक उभं करावं लागतं. निळंशार, तळ दिसणारं पाणी मत्स्यपालनाच्या दृष्टीने उपाशी पाणी असतं.

हे शेवाळ झाडासारखंच वागतं. ऊन असेपर्यंत ते ऑक्सिजन सोडतं आणि अंधार पडला की स्वतः ऑक्सिजन घेऊ लागतं. रात्रीच्या वेळी तळ्यातला ऑक्सिजन माशांपेक्षा शेवाळ आणि गाळातले जिवाणूच जास्त खातात; माशांचा वाटा त्यामानाने लहान असतो. त्यामुळे पाणी जितकं गडद हिरवं, तितका दुपारी ऑक्सिजन भरपूर आणि पहाटे तितकाच तुटवडा. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. २० अंशाला पाणी हवेतून लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला साडेसातच. आणि पाणी तापलं की माशाचा श्वासही वाढतो, कुजण्याचा वेगही वाढतो. कटला-रोहूला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मानवतो. ३ च्या खाली ते खाद्य सोडतात, आजारी पडू लागतात. १ च्या आसपास आले की पृष्ठभागावर येऊन आ वासतात.

आता आकडे एका तळ्यावर बसवून पाहू. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल. बाजूंचा उतार एकास एक धरला तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं आणि पाण्याचा पसारा ९ गुंठे होतो. शेतातली बाग याच तळ्यातून पाणी ओढत राहते, शिवाय एप्रिल-मे महिन्यात नुसत्या उन्हाने दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडतं. पातळी दीड मीटरवर आली की उरतं सुमारे पावणेदहा लाख लिटर, म्हणजे निम्म्याहून कमी, कारण तळं खाली निमुळतं असतं. मासे मात्र तेवढेच, आणि तोवर वजनाने कितीतरी वाढलेले. म्हणून बोटुकली (माशांची बोटभर लांबीची पिल्लं) सोडताना भरलेल्या तळ्याचा हिशेब धरू नये. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली हा नेहमीचा आकडा ९ गुंठ्यांना ४५० ते ९०० येतो. ज्याच्याकडे हवा मिसळणारं यंत्र नाही आणि ज्याची बाग उन्हाळ्यात याच पाण्यावर आहे, त्याने ४५० च्या जवळच राहावं. कागदाच्या तळ्यात तळाला माती नसते, त्यामुळे तळाशी चरणारा मृगळ थोडा कमी आणि कटला-रोहू जास्त ठेवणं बरं.

पाण्याचा रंग मोजायचा कसा

२० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या. तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा आणि पांढरा रंग द्या. मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली एखादा जड नट बांधा आणि दोरीवर दर ५ सेंटीमीटरला खूण करा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन चकती पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसते तो आकडा, या दोन्हींची सरासरी काढायची. ३० ते ४० सेंटीमीटर आली तर पाणी उत्तम. ५० च्या पुढे गेली तर खत कमी पडतंय. २५ च्या खाली आली की खत थांबवायचं, आणि २० च्या खाली गेली की खाद्यही निम्मं करून पहाटेची राखण सुरू करायची. पाणी गढूळ असेल तर ही चकती फसवते. अशा वेळी पाणी काचेच्या ग्लासात तासभर ठेवावं. माती खाली बसते, शेवाळाचा हिरवेपणा राहतो.

कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का ते पाहायची पद्धत मातीच्या तलावावर ठीक आहे. कागदाच्या तळ्यावर ती करू नका. शेवाळाची बुळबुळीत साय चढलेल्या कागदावर पाय सरकला तर पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, आणि शेततळ्यांत माणसं अशीच गेली आहेत. चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर वर खुंटाला बांधून पाण्यात सोडलेले असलेच पाहिजेत, आणि चकती लांब काठीला बांधूनच वापरावी. मासे नंतर, आधी हा दोर.

ऑक्सिजन मोजायचं मीटर किंवा थेंब टाकून रंग पाहायचा संच असेल तर पहाटेचा अंदाज रात्री दहालाच बांधता येतो. संध्याकाळी सातला मोजा, पुन्हा दहाला मोजा. समजा सातला ८ होता आणि दहाला साडेसहा. तीन तासांत दीड गेला, म्हणजे तासाला अर्धा. सकाळी सहापर्यंत आणखी आठ तास, म्हणजे आणखी ४ जाणार आणि उरणार अडीच. हा आकडा ३ च्या खाली येतोय म्हटल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास हवा द्यायला सुरुवात करावी. पहाटे मासे वर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

कोणत्या रात्री जपायचं

सलग दोन-तीन दिवस ढगाळ हवा, वारा पडलेला आणि पाणी गडद हिरवं, हा सर्वात वाईट योग. ऊन नसल्याने दिवसा ऑक्सिजन तयार होत नाही; वरच्या उदाहरणात संध्याकाळी ८ ऐवजी साडेचारच असेल तर पहाटे चारलाच सगळं संपतं. अशा दिवशी खाद्य टाकूच नये. एक-दोन दिवसांच्या उपासाने मासा मरत नाही. न खाल्लेलं खाद्य मात्र तळाशी कुजून उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतं.

दुसरा धोका वळवाच्या किंवा परतीच्या मोठ्या पावसाचा. उन्हात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. गार पावसाने वरचा थर एकदम थंड झाला की तो खाली बसतो आणि तळाचं नासकं पाणी वर येतं. काही तासांत सगळ्या तळ्याचा ऑक्सिजन खाली जातो. यावरचा उपाय आधीपासून करायचा असतो. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास तळाचं पाणी उचलून वर फेकत राहिलं तर हे थर जमतच नाहीत, शिवाय वरचा भरपूर ऑक्सिजन खाली पोचतो. सौर पंप असलेल्यांनी तो याच कामाला लावावा. पहाटे, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, सौर पंप चालत नाही, आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. ज्या आठवड्यात पाळी दिवसाची असेल त्या आठवड्यात रात्रीसाठी डिझेल इंजिनाची सोय आधीच करून ठेवलेली असावी.

तिसरा प्रकार शेवाळ अचानक बसण्याचा. काल गर्द हिरवं असलेलं पाणी आज तपकिरी-राखाडी दिसतं, कडेला फेस येतो, वास येतो. शेवाळ मेलं की ते कुजायला लागतं. ऑक्सिजन सोडणारं कुणी नाही, खाणारे जिवाणू मात्र अफाट. दोन-चार दिवस रात्रंदिवस हवा द्यावी लागते. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकणारे हीच परिस्थिती स्वतःच्या हाताने ओढवून घेतात.

मासे वर आलेच तर

खाद्य बंद. मोटर सुरू करून पाणी उंचावरून, शक्य तितकं फुटून पडेल असं तळ्यातच फेका. पाइपाच्या तोंडाशी भोकं पाडलेला पत्रा धरला तरी चालतो. बोअरचं ताजं पाणी सोडत असाल तर तेही असंच फोडून सोडा. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असतो, ते सरळ तळाशी सोडलं तर उपयोगाऐवजी अपाय होतो. चाकाचं १ अश्वशक्तीचं हवायंत्र चांगल्या स्थितीत तासाला साधारण किलोभर ऑक्सिजन पाण्यात मिसळतं. २२ लाख लिटर पाण्यात तो लिटरमागे एका मिलिग्रॅमने वाढवायला २.२ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे दोन तासांहून जास्त. दुकानातल्या ऑक्सिजनच्या गोळ्या म्हणजे बहुधा सोडियम परकार्बोनेट. त्याच्या वजनाच्या सातव्या-आठव्या भागाएवढाच ऑक्सिजन मिळतो. तेवढ्याच वाढीसाठी १६ किलो गोळ्या हव्यात. मूठभर गोळ्या टाकून तळं सावरत नाही, एखाद्या कोपऱ्यातले मासे तगतात इतकंच.

मेलेल्या माशांकडे नीट पाहिलं तर कारण कळतं. ऑक्सिजन कमी पडला की आधी मोठे मासे जातात, बारके उशिरापर्यंत टिकतात, आणि वेळ पहाटेची असते. कीटकनाशक पाण्यात गेलं असेल तर उलट, बारके आधी जातात, आणि दिवसाची कोणतीही वेळ असू शकते. डाळिंबावर मारली जाणारी सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही औषधं माशाला अत्यंत विषारी आहेत. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने तळ्यावर येणं किंवा फवारणीची टाकी तळ्याच्या काठावर धुणं एवढंही पुरतं. ज्या बाजूने वारा वाहतो ते पाहून, तळ्याजवळच्या ओळी सोडून फवारणी करावी.

खत किती, आणि आपल्या पाण्याची खोड

शिफारस साधारण अशी असते: हेक्टरी वर्षाला १० टन शेण, २०० किलो युरिया, २५० ते ३०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट. ९ गुंठ्यांच्या तळ्याला हे ९०० किलो शेण, १८ किलो युरिया आणि पंचवीसेक किलो सुपर फॉस्फेट होतं. पाचवा हिस्सा बोटुकली सोडण्याच्या पंधरा दिवस आधी, उरलेलं महिन्याच्या हप्त्याने. पण हा हिशेब मातीच्या तलावांसाठी बसवलेला आहे. कागदाच्या तळ्यात पाणी झिरपत नाही, घातलेलं सगळं आतच राहतं, म्हणून निम्म्याने सुरुवात करून चकती सांगेल तसं वाढवणं योग्य.

सोलापूरकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात चुना भरपूर. अशा जड पाण्यात सुपर फॉस्फेट पोत्याने ओतलं तर त्यातला स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जाऊन तळाशी बसतो, शेवाळाला मिळत नाही. ते आदल्या रात्री बादलीत भिजवून, ढवळून, सकाळी पातळ करून पाण्यावर शिंपडावं. ‘दर महिन्याला चुना टाका’ हा सल्लाही कोकणातल्या आम्लधर्मी मातीला शोभतो. आपल्याकडे आधी पाण्याचा सामू (पीएच) मोजल्याशिवाय चुन्याला हात लावू नये.

त्यामागचं कारण अमोनिया. माशांच्या विष्ठेतून आणि युरियातून पाण्यात अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक कल्ल्यांना जाळणारं. कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना विषारी रूप एक टक्क्याहून कमी, ८ ला सुमारे साडेसात टक्के, आणि ९ ला जवळजवळ ४५ टक्के. गडद हिरव्या तळ्यात शेवाळ दिवसभर कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे दुपारी सामू ९ च्या पुढे सहज जातो. सकाळी ठणठणीत असलेले मासे दुपारी चारला सैरभैर फिरताना दिसले तर हे आठवावं, आणि अशा तळ्यात युरिया किंवा चुना मुळीच घालू नये. बोटुकली सोडायची वेळही यावरूनच ठरते. पिशवीतल्या पाण्याचा सामू प्रवासात उतरलेला असतो. दुपारच्या तळ्यात एकदम सोडली तर तो धक्का तिला सोसत नाही. सकाळी लवकर सोडावी, पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून आणि मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेऊन.

हिरवं आणि निळं-हिरवं

सगळं हिरवं सारखं नसतं. रंगाच्या डब्यातून सांडल्यासारखी दाट साय वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा होत असेल, तर ते बहुधा मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ आहे. खरं तर हे जिवाणू. त्यांच्या पेशींत हवेच्या पिशव्या असतात, म्हणून ते तरंगतात. पारखायला बरणीत पाणी घेऊन न हलवता तासभर ठेवा. हिरवेपणा वर गोळा झाला तर निळं-हिरवं, पाण्यात सारखा पसरून राहिला किंवा खाली बसला तर साधं.

यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृतावर घाव घालणारं विष बनवतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याच्या प्रमुख प्रकाराची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पाणी उकळून ते जात नाही, मासा शिजवूनही जात नाही. अशी साय असलेल्या तळ्यावर गुरं पाण्याला नेऊ नका; वाऱ्याच्या कोपऱ्यातलं चार घोट पाणीही जनावराला महागात पडू शकतं. माशात हे विष मांसापेक्षा यकृतात आणि आतड्यात जास्त साठतं, म्हणून साय असताना मासे काढूच नयेत, आणि बारके मासे पोट न काढता अख्खे तळून तर अजिबात खाऊ नयेत.

हे शेवाळ माजतं ते नत्र-स्फुरदाच्या जादा पुरवठ्यावर. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी आणि भीमेतून येतं, आणि उन्हाळ्यात जलाशय हिरवा पडतो तो याचमुळे. उजनीच्या कालव्याच्या पाण्याने तळं भरणाऱ्यांच्या पाण्यात खतही आधीच असतं आणि शेवाळाचं बीजही. त्यांनी पहिले तीन-चार आठवडे काहीही न घालता फक्त चकती पाहावी.

विष नसतानाही हे शेवाळ माशाची चव बिघडवतं. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास ज्या जिओस्मिनमुळे येतो, तेच द्रव्य काही निळ्या-हिरव्या जाती पाण्यात सोडतात. ते माशाच्या चरबीत मुरतं, आणि ‘तळ्याच्या माशाला मातकट वास येतो’ ही गिऱ्हाइकाची तक्रार तिथून सुरू होते. जिओस्मिन अपायकारक नाही. वाहत्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत, खाद्याविना, आठवडाभर किंवा जास्त ठेवलं की वास उतरत जातो.

गंमत म्हणजे आरोग्यासाठी विकलं जाणारं स्पिरुलिना याच निळ्या-हिरव्या कुळातलं. सोलापूरचं ऊन त्याला मानवतं. ३० ते ३५ अंशाला ते जोमाने वाढतं. पण ते शेततळ्यात होत नाही. २० ते ३० सेंटीमीटर खोलीची उथळ टाकी, सतत हलतं पाणी, लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम खायचा सोडा आणि ९.५ ते १०.५ सामू लागतो. उंच सामूत बाकीची शेवाळं मागे पडतात, हाच त्याचा बचाव. सामू खाली घसरला की घुसखोर वाढतात, आणि त्यांत विषारी जात असेल तर माल बाद. बोअरचं जड पाणी सरळ वापरलं तर सोड्याशी मिळून पांढरा साका बसतो. पावसाचं किंवा मऊ केलेलं पाणीच हवं.

मासे काढताना

बाग पाणी ओढते तशी पातळी मार्चपासून उतरते. मासे तेव्हाच काढून घ्यावेत, मेअखेरपर्यंत थांबू नये. हिरव्या पाण्याने ठिबकच्या नळ्या तुंबतात ती अडचणही याच काळात वाढते. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या शोषनळीच्या तोंडाची झडप) पृष्ठभागापासून मीटरभर खाली आणि तळापासून किमान दोन फूट वर तरंगत्या ड्रमला टांगलेला असावा, आणि वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवावा.

काढण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद, म्हणजे आतडं रिकामं राहून मासा लवकर नासत नाही. आजारासाठी औषध दिलं असेल तर त्याच्या ठरलेल्या मुदतीआधी विक्री नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं माशांसाठी बंदच आहेत, कुणी कितीही भरवसा दिला तरी घेऊ नयेत. जाळं पहाटेच ओढायचं असेल तर रात्रभर हवायंत्र चालू ठेवावं. गुदमरून, धडपडून मेलेला मासा लवकर ताठतो आणि लवकर मऊ पडतो.

बर्फाचा हिशेब साधा आहे. १० किलो मासा ३० अंशांवरून शून्यापर्यंत आणायलाच सुमारे ३ किलो बर्फ वितळतो. त्याहून जास्तीचा बर्फ लागतो तो वाटेतल्या उन्हासाठी, म्हणून उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ घ्यावा. खोक्याच्या तळाशी फोडलेल्या बर्फाचा थर, त्यावर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यात वर जाड थर. बर्फाचे मोठे तुकडे ठेवले तर माशाला खड्डे पडतात आणि मधली जागा गरम राहते, म्हणून तो बारीक फोडायचा. खोक्याला खाली भोक हवं. वितळलेलं पाणी रक्त आणि चिकटा घेऊन बाहेर गेलं पाहिजे; त्यातच मासा बुडून राहिला तर सोलापूरच्या बाजारात पोचेपर्यंत कल्ले फिकट पडतात आणि भाव जातो.